ठरवूनही अनावश्यक खरेदी पुन्हा पुन्हा होत असेल तर

महिन्याच्या आरंभी ‘आता गरजेपुरतेच घ्यायचे’ असे घरात ठरते आणि आठ-दहा दिवस ते पाळलेही जाते. महिनाअखेरीस पाहावे तर कपाटात घडीही न मोडलेला एक कुर्ता असतो, ओट्याखालच्या कप्प्यात आधीचे संपलेले नसताना आणलेले भांड्यांच्या साबणाचे दोन पाउच असतात, आणि बँकेच्या विवरणात शे-दोनशे रुपयांच्या इतक्या नोंदी असतात की त्यांतील निम्म्या कशाच्या हे आठवत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा ठरते आणि पुन्हा मोडते. उत्पन्न अपुरे आहे म्हणून ही अडचण येते असे नाही. पगार वाढल्यावरही ती तशीच राहते, किंबहुना बळावते.

यावर सहसा सुचवला जाणारा उपाय म्हणजे मनाचा निग्रह. तो मला पुरेसा वाटत नाही, कारण निग्रह ज्या घडीला लागतो ती घडी आपण निवडलेली नसते, विकणाऱ्याने निवडलेली असते: सूट संपायला दोन तास उरले आहेत असे सांगणारा संदेश आपण दिवसभराच्या कामाने थकलेले असतानाच येतो. माझ्या मते खरा दोष निर्णयाच्या जागेत आहे. वस्तू घ्यायची की नाही हे ती विकली जाते तिथेच, म्हणजे दुकानाच्या मांडणीपुढे किंवा मोबाइलच्या पडद्यावर ठरत असेल, तर अनावश्यक खरेदी होतच राहणार. तोच निर्णय घरी, वस्तू डोळ्यांपुढे नसताना, आधीच झालेला असेल तर बरीचशी खरेदी होतच नाही. मात्र हा निर्णय घराबाहेर निसटण्याच्या वाटा प्रत्येक कुटुंबात निरनिराळ्या असतात, आणि दुसऱ्याच्या घरी लागू पडलेला उपाय आपल्याकडे निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून उपायाआधी तपासणी करावी.

तपासणी कशी करावी

मागील तीन महिन्यांचे बँकेचे विवरण, क्रेडिट कार्डाचे बिल आणि यूपीआयच्या अ‍ॅपमधील व्यवहारांची यादी समोर घ्यावी. भाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, वीज, शाळेची फी, औषधे आणि नेहमीचे वाणसामान बाजूला काढावे. उरलेल्या प्रत्येक नोंदीपुढे वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात: ही वस्तू घ्यायची हे कोठे ठरले, आणि ती वस्तू आज कोठे आहे. वस्तू चांगली होती का, किंमत रास्त होती का, हे प्रश्न या टप्प्यावर मुद्दाम टाळावेत. त्यांची उत्तरे बहुधा होकारार्थीच येतात आणि तपासणी तिथेच संपते. स्वस्तात मिळालेली उत्तम वस्तूसुद्धा अनावश्यक असू शकते.

त्यानंतर ती वही घेऊन घरात फिरावे. फडताळ, फ्रिजचा दरवाजा, न्हाणीघरातील मांडणी, औषधांचा डबा, कपड्यांचे कपाट आणि माळा या जागा पुरेशा आहेत. एकाच प्रकारच्या दोन-दोन, तीन-तीन वस्तू कोठे आहेत, वेष्टनही न काढलेले काय आहे, आणि मुदत उलटलेले काय आहे, एवढेच टिपावे. हे काम घरातील दोघांनी मिळून केलेले बरे, पण कोणी काय आणले याची चौकशी मात्र करू नये. चौकशी सुरू झाली की पुढच्या महिन्यापासून वस्तू लपवल्या जातात, पिशव्या परस्पर कपाटात जातात, आणि मग वहीत खरे काही उतरत नाही.

नोंदी लिहून झाल्या की त्यांचा कल दिसू लागतो. बहुतेक नोंदी रात्री उशिराच्या असतील तर थकवा किंवा कंटाळा हे कारण असते. लहान रकमांची रांगच लागली असेल तर पैसे देण्याची सोय हे कारण असते. दुहेरी वस्तू जास्त निघाल्या तर साठ्याची माहिती नसणे हा दोष आहे. मोठ्या रकमा दसरा-दिवाळीभोवती आणि लग्नसराईत गोळा झालेल्या दिसल्या तर तो प्रश्न सामाजिक आहे. एका घरात यांपैकी दोन-तीन कारणे एकत्र सापडतात. त्यांतील सर्वांत जास्त पैसे ज्यात गेले ते आधी हाती घ्यावे.

दोष पहिला: घरात काय आहे हे माहीत नसणे

स्वयंपाकघरातील अनावश्यक खरेदीचे हे मुख्य कारण आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पूर्वी वाण्याची यादी करण्याआधी डबे हलवून पाहण्याची पद्धत होती. महिन्यातून एकदा सामान भरले जात असल्याने ती गरजच होती. आता दहा-पंधरा मिनिटांत सामान दारात आणून देणाऱ्या सेवांमुळे यादीची गरजच उरली नाही असे वाटू लागले आहे. परिणाम असा होतो की जिरे संपले असे वाटले की जिरे मागवले जातात, आणि मागच्या रांगेतील अर्धी भरलेली पुडी महिन्याभराने हाती लागते.

शिवाय आपल्या हवामानाचाही विचार करायला हवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबई परिसरात, रवा, बेसन, मैदा आणि शेंगदाणे फार दिवस टिकत नाहीत. रव्यात अळ्या होऊन जाळी धरते, तांदळाला टोके लागतात, शेंगदाणे खवट होतात. दळलेल्या मसाल्यांचा वास काही महिन्यांत उतरतो. मोठे पाकीट दहा टक्क्यांनी स्वस्त पडले म्हणून घेतले आणि त्यातले चौथाई टाकावे लागले, तर हिशेब असा होतो: शंभर रुपयांचे सामान नव्वदला मिळाले, पण पंचाहत्तर रुपयांचेच वापरले गेले, म्हणजे प्रत्यक्षात ते वीस टक्क्यांनी महाग पडले. पाकिटावर एमआरपीबरोबर आता प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो किंमतही छापलेली असते आणि तुलनेसाठी ती उपयोगी आहे, पण आपल्या घरात ते पाकीट किती दिवसांत संपते हा आकडा तिथे छापलेला नसतो. तो आपणच काढावा लागतो. नवे पाकीट फोडताना त्यावर तारीख लिहायची सवय लावली तर दोन-तीन महिन्यांत घरातील प्रत्येक जिन्नसाचा वेग कळतो, आणि यादी अंदाजावर न राहता अनुभवावर उभी राहते.

या दोषावरील उपाय साधा आहे, परंतु तो सातत्याने करावा लागतो. प्रत्येक जिन्नसाची एकच जागा ठरवावी. जादाचे पाकीट मूळ डब्याच्या मागेच ठेवावे, दुसऱ्या कप्प्यात नव्हे. यादीचा कागद फ्रिजवर किंवा फडताळाच्या दाराला आतून लावावा, आणि वस्तू संपत आल्याचे ज्याला दिसेल त्याने ती त्याच वेळी लिहावी. स्वयंपाकाला मदतीला येणाऱ्या मावशींनाही या यादीत लिहिण्याची किंवा सांगण्याची मुभा असावी, कारण डब्याचा तळ अनेकदा त्यांनाच आधी दिसतो. मुदतीच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवावा: ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख गुणवत्तेची असते, तर ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही तारीख सुरक्षिततेची असते. पहिली उलटली म्हणून लगेच टाकून नवे आणण्याची गरज नसते. दुसरी उलटली तर मात्र वापरू नये.

या पद्धतीचे एक सामूहिक रूप महाराष्ट्रात गेली अनेक दशके चालत आलेले आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरण व्यवस्थेत शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन संघ करतात, महिन्याचे मागणीपत्र आगाऊ भरून देतात, आणि सामान एका घरी उतरल्यावर सदस्य ते आपापसांत वाटून घेतात. या व्यवस्थेची चर्चा बहुधा रास्त दर आणि शुद्ध मालाच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिचे दुसरे वैशिष्ट्य तितकेच महत्त्वाचे वाटते. मागणीपत्र भरताना समोर मांडणी नसते, रंगीत वेष्टने नसतात, ‘एकावर एक मोफत’ची पाटी नसते, समोर फक्त आपले डबे आणि आपली माणसे असतात. जवळपास असा संघ असेल तर त्यात सामील होणे हा या दोषावरचा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. नसेल तर इमारतीतील चार कुटुंबांनीही तांदूळ, डाळी, गूळ अशा निवडक जिन्नसांपुरते हे करून पाहण्यासारखे आहे.

दोष दुसरा: पैसे दिल्याचे जाणवत नाही

ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितले होते. काही जणांना पैसे रोख द्यावे लागतील असे सांगितले गेले, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट निघाल्या. तिकीट तेच, सामना तोच. फरक फक्त पैसे हातून जाण्याच्या रीतीत होता. आपल्याकडे २०१६ पासून सुरू झालेल्या यूपीआयने भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांचे व्यवहार सोपे केले, आणि ती सोय सोडून द्यावी असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु यूपीआय लाइटसारख्या सोयीत लहान रकमांना पिनही लागत नाही, आणि मनाला थांबायला जी क्षणभराची अडचण मिळत होती तीही उरत नाही.

म्हणून अडचण परत निर्माण करावी, पण योग्य जागी. माझी शिफारस दोन खात्यांची आहे. पगार किंवा पेन्शन जमा होणाऱ्या खात्याला यूपीआय जोडूच नये. दुसऱ्या खात्यात महिन्याच्या ऐच्छिक खर्चाची ठरलेली रक्कम एकदाच टाकावी आणि यूपीआय त्यालाच जोडावे. शिल्लक कमी होत जाणे डोळ्यांना दिसणे हाच येथे इशारा असतो. ती रक्कम संपली तर भर घालण्याआधी घरात बोलावे. खरेदीच्या संकेतस्थळांवर जतन करून ठेवलेली कार्डे काढून टाकावीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना कार्डाचा मूळ क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या क्रमांकाऐवजी वापरायचा बदली संकेतांक, तयार होते, आणि तेही आपल्याला रद्द करता येते. दर वेळी कार्ड शोधून सोळा आकडे घालावे लागले की रात्रीच्या बऱ्याच खरेद्या तिथेच थांबतात.

आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची तपासणी स्वतंत्रपणे करावी. चित्रपट-मालिकांचे अ‍ॅप, व्यायामाचे अ‍ॅप, मुलांच्या अभ्यासाचे अ‍ॅप, फोटो-फाइली इंटरनेटवर साठवण्याची सेवा (क्लाउड स्टोरेज) यांचे शुल्क महिन्याला किरकोळ दिसते, पण वर्षाचा आकडा मांडला की चित्र बदलते. कार्डावरून किंवा यूपीआयवरून होणाऱ्या अशा कपातीची सूचना किमान चोवीस तास आधी येणे बंधनकारक आहे. ती सूचना जाहिरातींच्या गर्दीत हरवते, म्हणून यूपीआय अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ हा भाग आणि बँकेच्या अ‍ॅपमधील स्थायी सूचनांचा (स्टँडिंग इन्स्ट्रक्शन्स) भाग दर तिमाहीला उघडून पाहावा. मागच्या महिन्यात जे एकदाही उघडले नाही ते बंद करावे. पुन्हा लागले तर पुन्हा सुरू करता येते.

दोष तिसरा: सवलतीच्या हिशेबात गरज विसरणे

पोहोचवण्याचे तीस रुपये वाचावेत म्हणून एकशे वीस रुपयांची वस्तू टोपलीत टाकली जाते. ती वस्तू लागणारच असेल तर काही बिघडले नाही; नसेल तर तीस वाचवण्यासाठी नव्वद जास्त खर्च झाले. एवढे साधे गणित पडद्यावर सुचत नाही, कारण पडदा ‘आणखी इतके घ्या आणि इतके वाचवा’ असेच सांगत असतो. एमआरपीवरील सवलतीचेही तसेच आहे. एमआरपी ही विक्रीची कमाल किंमत आहे, बाजारभाव नव्हे. अनेक वस्तू वर्षभर तिच्या खालीच विकल्या जातात, त्यामुळे चाळीस टक्के सूट या आकड्याला स्वतःचा अर्थ फारसा नसतो. सवलत तपासायची असेल तर एकच कसोटी लावावी: ही वस्तू सूट जाहीर होण्याआधी आपल्या यादीत होती का? होती, तर सूट खरी. नव्हती, तर ती सूट आपल्यासाठी नव्हती.

घाई लावण्याच्या काही पद्धती तर नियमबाह्य ठरलेल्या आहेत, आणि हे ग्राहकांना पुरेसे माहीत नाही याची मला खंत वाटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि तिचे तेरा प्रकार नमूद केले. ‘फक्त दोनच शिल्लक’ असे खोटे सांगून घाई करणे, ग्राहकाच्या संमतीवाचून टोपलीत विमा किंवा देणगी टाकणे, नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी शब्दरचना करणे, सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर शुल्के वाढवत नेणे, वर्गणी रद्द करण्याची वाट अवघड करणे, हे सर्व त्यांत येते. असा अनुभव आला तर पडद्याचे छायाचित्र जपून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तक्रारीचा निकाल काय लागेल हा पुढचा भाग. पण घाई कृत्रिम आहे हे एकदा ओळखता आले की तिचा जोर निम्म्याने कमी होतो. टोपलीची शेवटची पायरी पैसे देण्याआधी वरून खाली एकदा संथपणे वाचावी, आणि आपण न घातलेली प्रत्येक ओळ काढून टाकावी.

दोष चौथा: हप्त्यामुळे वस्तू परवडते असे वाटणे

‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेतलेल्या वस्तूला खर्च लागत नाही, हा समज दूर व्हायला हवा. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वात नाही. आताच्या योजनांत व्याजाइतकी रक्कम विक्रेता किंमतीत सूट म्हणून दाखवतो आणि बँक व्याज लावतेच. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांत त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ग्राहकाला भरावा लागतो, आणि अनेकदा प्रक्रिया शुल्कही असते. पूर्ण रक्कम एकदम देणाऱ्याला मिळाली असती ती सूट हातची जाते, ती वेगळीच. क्रेडिट कार्डाच्या बिलातील किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलणे तर याहून महाग पडते: महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जाणारा दर झाला, आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

वस्तूची खरोखर गरज असेल, उदाहरणार्थ बिघडलेला फ्रिज बदलायचा असेल, तर हप्ता घेण्यात काही वावगे नाही. परंतु फोन, घड्याळ, मोठा टीव्ही अशा वस्तूंच्या बाबतीत उलट्या हप्त्याचा उपाय करून पाहावा. वस्तू न घेता हप्त्याची रक्कम सहा महिने आवर्ती ठेवीत भरावी. सहा महिन्यांनी ती वस्तू अजूनही हवी असेल तर निम्मे-अधिक पैसे हाती असतात. बहुतेक वेळा मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच इच्छा बदललेली असते, आणि ठेव तशीच राहते.

दोष पाचवा: सण, मानपान आणि वाण

येथे एकट्याच्या ठरवण्याने भागत नाही, म्हणून हा भाग कठीण आहे. साडेतीन मुहूर्तांना काहीतरी नवे घरात यावे ही भावना खोलवर रुजलेली आहे आणि तिचा अनादर करण्याचे कारण नाही. अडचण मुहूर्ताची नसून, मुहूर्ताच्या आदल्या दिवशी ‘काय घ्यायचे’ हे शोधायला निघण्यात आहे. वर्षभराच्या यादीत कुकर, गादी, मुलाची सायकल अशा खरोखर लागणाऱ्या वस्तू लिहिलेल्या असतील तर दसऱ्याला किंवा पाडव्याला त्यांतलीच एक आणता येते. मुहूर्तही साधतो आणि गरजही भागते.

लग्नातील आहेर आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण यांचा साठा कोणत्याही घरच्या माळ्यावर सापडेल. ब्लाउजपीस एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात, प्लास्टिकच्या डब्या आणि छोट्या वाट्या वाढत जातात. कुणी दिलेले नाकारणे आपल्या रीतीत बसत नाही, आणि दिलेल्या माणसाचे मन दुखवणे योग्यही नाही. म्हणून बदल देण्याच्या बाजूने सुरू करावा. वाण म्हणून गुळाची ढेप, तिळाची पुडी, सुती पिशवी, भाजीचे बी असे वापरून संपणारे किंवा रोज उपयोगी पडणारे द्यावे. सोसायटीतील बायकांनी मिळून ‘या वर्षी प्लास्टिकचे वाण नको’ असे आधीच ठरवले तर कोणा एकीवर अवघडलेपण येत नाही. ‘आहेर नको’ असे लग्नघराने निमंत्रणातच नम्रपणे कळवण्याची पद्धत आता बऱ्यापैकी रूढ झाली आहे. ती अधिक घरांनी स्वीकारावी असे मला मनापासून वाटते. जवळच्या नात्यात तर सासूबाईंनी सुनेला, आत्याने भाचीला सरळ विचारावे की तुला काय लागणार आहे. विचारून दिलेल्या साडीचा मान कमी होत नाही.

थांब-यादी

वरील सर्व दोषांना लागू पडणारा एक उपाय आहे, तो म्हणजे थांबण्याची यादी. वाणसामान आणि औषधे सोडून जे काही घ्यावेसे वाटेल ते वहीत तारखेसह लिहावे, शेजारी किंमत आणि ‘सध्या याच्याऐवजी काय वापरतो’ हे लिहावे. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. नवी कढई हवी असे लिहिताना सध्याच्या कढईत नेमके काय कमी आहे हे लिहावे लागते: बूड वाकले आहे, मूठ हलते, आकार लहान पडतो. मूठ हलत असेल तर ती बसवून मिळते. कारण सुचलेच नाही तर रकाना रिकामा राहतो, आणि रिकामा रकाना पुरेसा बोलका असतो. लहान वस्तूंना आठवडाभर आणि मोठ्या वस्तूंना महिनाभर थांबणे मला योग्य वाटते, पण मुदत प्रत्येकाने आपल्या घराच्या रीतीने ठरवावी. थांबण्याच्या काळात अ‍ॅपमधील टोपलीत वस्तू ठेवू नये. टोपलीतील वस्तूची आठवण करून देणारे संदेश येत राहतात आणि निर्णय पुन्हा पडद्यावर जातो. यादी कागदावरच असावी.

कपड्यांच्या बाबतीत थांबण्याबरोबर आणखी एक गोष्ट करावी: कपाटातील कोणत्या तीन कपड्यांबरोबर हा नवा कपडा घालता येईल ते लिहावे. ज्या दुपट्ट्यासाठी नवा कुर्ता लागतो आणि कुर्त्यासाठी नव्या चपला लागतात, तो दुपट्टा स्वस्त नसतो.

इतके करूनही अडचण परत येत असेल तर

पहिली शक्यता अशी की नियम फार कडक झाले आहेत. महिनाभर स्वतःसाठी काहीच घ्यायचे नाही असे ठरवले की त्याची भरपाई पुढच्या महिन्यात दुपटीने होते. घरातील प्रत्येकाला, कमावत्याला आणि न कमावत्यालाही, हिशेब न द्यावा लागणारी एक ठरावीक रक्कम मिळायला हवी. तिचा उपयोग कोणी गजऱ्यासाठी करील, कोणी पुस्तकासाठी, कोणी दिवाळी अंकासाठी. त्याबद्दल विचारू नये. ज्या घरांत ही मुभा असते तिथे उरलेली शिस्त टिकते, असे माझे निरीक्षण आहे.

दुसरी शक्यता अशी की शिस्त एकट्याची आहे. नवरा यादी करतो आणि बायको सेलमधून आणते, किंवा उलट. आजोबा नातवंडांसाठी रोज खाऊ-खेळणी घेऊन येतात. यादी सर्वांची असल्याशिवाय ती चालत नाही, आणि ज्येष्ठांना नियम सांगण्याऐवजी काम सोपवणे अधिक उपयोगी पडते. नातवाला आठवड्यातून एक दिवस वाचनालयात किंवा बागेत नेण्याची जबाबदारी आजोबांवर सोपवली तर देण्याचा आनंद राहतो आणि खेळण्यांचा ढीग वाढत नाही. मुलांनाही थांब-यादीत स्वतःच्या हाताने लिहू द्यावे. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘नाही’ हे उत्तर पटत नाही, पण ‘लिहून ठेव, पुढच्या रविवारी बघू’ हे पटते.

तिसरी शक्यता गंभीर आहे. काही जणांच्या बाबतीत खरेदी ही वस्तूसाठी नसतेच. एकटेपणा, दुःख, कामाचा असह्य ताण किंवा घरातील बेबनाव यांतून काही वेळापुरती सुटका म्हणून ती केली जाते. आणलेल्या पिशव्या उघडल्याही जात नाहीत, बिले लपवली जातात, कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज घेतले जाते आणि प्रत्येक खरेदीनंतर अपराधीपणा वाढतो. ही लक्षणे दिसत असतील तर वही, यादी आणि दोन खाती हे उपाय अपुरे आहेत, आणि त्या व्यक्तीला उधळी म्हणून बोल लावणे तर घातक आहे. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही आणि मराठीतही बोलता येते. जवळ तज्ज्ञ नसलेल्या गावातील माणसाला सुरुवात तेथून करता येईल. घरच्यांनी तोपर्यंत कर्जाची एकूण रक्कम शांतपणे एकत्र मांडावी, नवी कार्डे आणि कर्जाची अ‍ॅपे त्या व्यक्तीच्या संमतीने बंद करावीत, आणि पैशांविषयीचे बोलणे दिवसातील एका ठरलेल्या वेळेपुरतेच ठेवावे.